आस आणि ओझे

काही वस्तू आपण जुन्या म्हणून जपतो, तर काही उपयोगाच्या म्हणून वापरतो. बहुधा या दोहोंत विरोध येत नाही. आजोबांचे घड्याळ भिंतीची शोभाही वाढवते आणि वेळही दाखवते. परंतु अशाही काही वस्तू असतात की, त्या जपायच्या म्हटल्या तर वापरता येत नाहीत आणि वापरायच्या म्हटल्या तर जशाच्या तशा जपता येत नाहीत. अशा वेळी मालकापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर पाहता कारागिरीचा असला तरी मुळात नीतीचा असतो. प्रस्तुत लेखासाठी मी जे उदाहरण निवडले आहे, ते आपल्या वाचकांना काहीसे दूरचे वाटेल. ते आहे अमेरिकेतील जुन्या ड्रॅग गाडीच्या मागच्या आसाचे. पण प्रश्न कधीकधी दूरच्या उदाहरणात अधिक स्वच्छ दिसतो, कारण तेथे आपले रागलोभ गुंतलेले नसतात.

ड्रॅग शर्यत म्हणजे मोटारींची सर्वांत साधी शर्यत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट, सरळ धावून जी आधी पोहोचेल ती जिंकते. वळण नाही, चढ नाही, डावपेच फारसे नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत आणि ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर जुन्या गाड्या पळवू लागले. १९५० साली सांता आना येथे या शर्यती रीतसर तिकीट लावून भरू लागल्या आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. रस्त्यावरच्या बेफाम धावण्याला नियमांचे कुंपण घालावे, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. त्या काळातील गाड्या, विशेषतः १९५५ ते १९५७ या वर्षांतील शेवरले, आज ‘क्लासिक’ म्हणून मिरवतात. हौशी मंडळी त्या अजूनही धावपट्टीवर आणतात.

आता मागच्या आसाकडे वळू. मोटारीचा आस हा बैलगाडीच्या आसासारखा एकच अखंड दांडा नसतो. मध्यभागी डिफरन्शिअलचा गोळा, त्याच्या दोन बाजूंना दोन नळ्या आणि त्या नळ्यांतून चाकांपर्यंत जाणारे दोन पोलादी दांडे अशी त्याची रचना असते. इंजिनाकडून आलेला पीळ लहान पिनियनमार्फत मोठ्या क्राऊन व्हीलला मिळतो आणि तेथून दोन्ही दांड्यांत वाटला जातो. बैलगाडीचा आस फक्त वजन पेलतो. मोटारीच्या आसाला वजन पेलायचे असते आणि शिवाय पीळही सोसायचा असतो.

हा पीळ किती असतो, याचा एक साधा हिशेब मांडून पाहू. इंजिनाने ४०० फूट-पौंड पीळ दिला, गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरने तो अडीच पट केला आणि क्राऊन-पिनियनने पुन्हा चौपट केला, तर आसापाशी ४००० फूट-पौंड पीळ पोहोचतो. आणि तोही हळूहळू नव्हे, एका क्षणात. १९५५ सालच्या शेवरलेचे आठ सिलिंडरचे नवे इंजिन आपल्या साध्या रूपात १६२ अश्वशक्तीचे होते. तिचा आस त्या बेताने घडवलेला होता. आज त्याच सांगाड्यात ५०० अश्वशक्तीचे इंजिन बसवणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शिवाय टायरही बदलले. पूर्वीचे टणक, अरुंद टायर जोर अधिक झाला की जागच्या जागी घसरत आणि त्या घसरण्यातून आसाची सुटका होई. आताचे रुंद, मऊ, नक्षी नसलेले टायर डांबराला चिकटून बसतात. जो धक्का पूर्वी धुरात विरून जाई, तो आता सर्वच्या सर्व पोलादात शिरतो.

म्हणून मालक आस बदलतो. त्याची पहिली पसंती बहुधा फोर्ड कंपनीच्या नऊ इंची आसाला असते. नऊ इंच हे त्याच्या क्राऊन व्हीलच्या व्यासाचे माप. हा आस १९५७ ते १९८६ या काळात फोर्डच्या गाड्यांत बसत असे. त्याच्या पिनियनला मागूनही एका बेअरिंगचा आधार असतो. त्यामुळे जोराचा धक्का बसला तरी पिनियन सहसा क्राऊन व्हीलपासून दूर सरत नाही. त्यात जाड दांडे घालतात. गोल दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सव्वा इंचाच्या आतबाहेरचा दांडा काढून दीड इंची घातला तर जाडी थोडीच वाढते, पण ताकद सुमारे पावणेदोन पट होते. धातूतही भेद असतो. कारखान्यातून येणारे दांडे सामान्यतः केवळ पृष्ठभागावर कडक केलेले असतात, तर शर्यतीसाठीचे अनेक दांडे अंतर्बाह्य चिवट केलेल्या मिश्र पोलादाचे असतात. ते पिळले जातात आणि पुन्हा सरळ होतात.

येथवर सारे कारागिराचे झाले. यानंतर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जुन्या वस्तूंचा अभ्यासक विचारतो, ‘ही आता १९५५ ची शेवरले राहिली का? हिच्या पोटाखाली प्रतिस्पर्धी कंपनीचा आस आहे. रुंद टायर बसावेत म्हणून तुम्ही आसाची नळी आखूड केली आणि त्यासाठी मागचा पत्राही कापला. उद्या कोणाला त्या काळची गाडी कशी होती हे पाहायचे असेल, तर त्याने काय पाहावे?’ अमेरिकेतील संग्राहक अशा बाबतीत काटेकोर असतात. अनेक जुन्या गाड्यांच्या आसावर कारखान्याने तारखेचा आणि प्रकाराचा सांकेतिक शिक्का मारलेला असतो. तो शिक्का गाडीच्या इतर भागांशी जुळला, तरच ती गाडी ‘अस्सल’ मानली जाते आणि तिची किंमतही त्याप्रमाणे ठरते. आस काढणे म्हणजे एका अर्थी वस्तूच्या जन्मपत्रिकेचे पान फाडणे होय.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे एका जुन्या कोड्याची आठवण होईल. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जपून ठेवले होते. फळी कुजली की ते नवी बसवत. प्लुटार्कने नोंदवले आहे की, ते जहाज तेच राहिले की नाही यावर विचारवंत वाद घालत. १६५५ साली थॉमस हॉब्जने त्या कोड्याला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून ठेवल्या आणि त्यांचेच पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? गंमत अशी की, जुन्या गाड्यांच्या जगात हा प्रसंग कल्पनेतला नाही. जाणता मालक मूळ आस भंगारात देत नाही. तो तेल लावून, कापडात गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवतो. गाडी धावते एका आसावर आणि तिचा अस्सलपणा पडून असतो दुसऱ्या आसात.

या कोड्याला पूर्वेकडेही एक उत्तर आहे, आणि त्यात योगायोगाने आसाचा उल्लेख येतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? सांगाडा म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नकार देतो. मग निष्कर्ष असा निघतो की, ‘रथ’ हे या भागांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव आहे. नावापलीकडे शोधू गेल्यास रथ म्हणून वेगळे काही हाती लागत नाही. ॲरिस्टॉटलचा विद्यार्थी मात्र एवढ्यावर थांबणार नाही. तो म्हणेल की, वस्तूला नुसते उपादान नसते, आकार असतो, कर्ता असतो आणि प्रयोजनही असते. मग शर्यतीच्या गाडीचे प्रयोजन धावणे हेच नव्हे काय? जी धावू शकत नाही, तिचे सारे भाग मूळचे असले तरी ती शर्यतीची गाडी म्हणून कितपत उरली?

या युक्तिवादाला इतिहासाचाही आधार आहे. ड्रॅग गाडी जन्मापासूनच बदललेली असते. १९६० च्या दशकात शेवरले पळवणारी मुले मूळ आस मोडला की ओल्ड्समोबिल किंवा पाँटिॲक गाडीचा दणकट आस आणून बसवत. म्हणजे त्या मुलांची परंपरा विशिष्ट लोखंडाची नव्हती. ती मोडलेले काढून टिकेल असे घालण्याची परंपरा होती. त्यांच्या वारशाला जागणारा मनुष्य आस बदलतो, यात नवल ते काय?

तथापि, मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. प्रयोजनाच्या नावाखाली काहीही बदलता येते. आज आस, उद्या सांगाडा, परवा दरवाजे, आणि शेवटी जुन्या गाडीचे केवळ नाव उरते. उलट, अस्सलपणाच्या नावाखाली काहीही तसेच ठेवता येते, अगदी जिवावर बेतणारी कमजोरीसुद्धा. ‘वस्तू तीच राहिली का?’ हा प्रश्न कितीही चघळला तरी त्यातून ‘काय करावे?’ याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी दुसराच प्रश्न विचारावा लागतो. आस मोडला, तर तो कोणावर मोडेल?

हा प्रश्न विचारताच सारे चित्र पालटते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील शेवरलेच्या अनेक गाड्यांत मागचा दांडा बाहेरच्या टोकाला पकडलेला नसतो. आत, डिफरन्शिअलमध्ये, इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची एक लहानशी चकती तेवढी त्याला धरून ठेवते. बाजारहाटाच्या वेगाला ती व्यवस्था पुरेशी आहे. पण पूर्ण जोराच्या धावेत दांडा मध्येच तुटला, तर तुटलेल्या भागाला धरणारे काहीच उरत नाही आणि चाक दांड्यासकट गाडीबाहेर निघू शकते. ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने धावणाऱ्या गाडीचे चाक! चालकाने धोका पत्करला होता असे म्हणता येईल. पण शेजारच्या पट्टीतील चालकाने हा आस निवडला नव्हता. कठड्याशी मुलाला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या बापाला तर त्या चकतीचे नावही ठाऊक नव्हते. म्हणूनच त्या असोसिएशनच्या सर्वसाधारण नियमांनुसार पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात कापणाऱ्या गाडीला शर्यतीसाठी बनवलेले दांडे आणि चाक निसटू न देणारी पकड सक्तीची आहे. नियमाने गाडीचे वय विचारले नाही. तिच्यावर येणारा भार किती, एवढेच विचारले.

मग आस मजबूत केला की कर्तव्य संपले काय? कारागीर हसून सांगेल की, तेथेच ते सुरू होते. आस मोडेनासा झाला की धक्का मागे परततो आणि प्रॉपेलर शाफ्टचे सांधे तुटतात. ते बदलले तर गिअरबॉक्स. तो बदलला तर सांगाडाच पिळवटतो. साखळीतील कमजोर कडी दूर केली की साखळी अतूट होत नाही. फक्त दुसरी एक कडी सर्वांत कमजोर ठरते. शिवाय मजबुतीलाही मोल द्यावे लागते. फोर्डच्या त्या नऊ इंची आसात पिनियन क्राऊन व्हीलच्या मध्यरेषेपासून बराच खाली असल्यामुळे दात एकमेकांवर अधिक घासतात आणि इंजिनाची काही शक्ती उष्णतेत वाया जाते. दोन्ही चाके एकत्र जखडणारा स्पूल बसवला, तर सरळ धाव उत्तम होते, पण साध्या रस्त्यावर वळताना दोन्ही दांडे एकमेकांशी झगडतात. सरळ धावण्याचे सामर्थ्य वळण्याची सहजता गहाण ठेवून मिळते. जो एका भागाला बळ देतो, तो पुढच्या भागाची जबाबदारीही स्वीकारत असतो, मग हे त्याच्या ध्यानात असो वा नसो.

या खेळाच्या इतिहासातील दोन दुर्घटना येथे आठवतात. पूर्वीच्या लांबलचक ड्रॅगस्टर गाड्यांत इंजिन पुढे असे आणि चालक मागच्या आसाच्याही मागे, पाय आसाच्या दोन बाजूंना टाकून बसे. गोफणीतील दगडासारखी ती बैठक असल्यामुळे त्या गाड्यांना ‘स्लिंगशॉट’ म्हणत. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स धावपट्टीवर डॉन गार्लिट्स यांच्या अशाच गाडीतील ट्रान्समिशनचा स्फोट झाला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटून गेला. दुसऱ्या वर्षी ते परत आले, ते चालकाला पुढे आणि इंजिनाला त्याच्या पाठीमागे ठेवणारी गाडी घेऊन. ती यशस्वी ठरली आणि काही वर्षांतच जुनी, देखणी रचना मोठ्या शर्यतींतून नाहीशी झाली. २००८ साली इंगलिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला. त्याच वर्षी सर्वांत वेगवान दोन वर्गांच्या शर्यतीचे अंतर १३२० फुटांवरून १००० फूट करण्यात आले. पाव मैल हे त्या खेळाचे जणू दैवत होते. तरीही त्यांनी ते आखूड केले.

या दोन घटना म्हणजे दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेने रचना बदलली गेली, दुसरीने ओझे कमी केले. आपल्या मालकापुढेही याच दोन प्रामाणिक वाटा आहेत. त्याला पूर्ण जोराने धावायचे असेल, तर त्याने आस बदलावा. अस्सलपणा राखायचा असेल, तर आस राहू द्यावा आणि जोर कमी करावा. साधे टायर घालावेत, मिरवणुकीच्या चालीने गाडी न्यावी किंवा प्रदर्शनात उभी करावी. यांतील कोणतीही वाट हलकी नाही. जो गाडी प्रदर्शनात ठेवतो, तो भित्रा नव्हे आणि जो आस बदलतो, तो इतिहासद्रोही नव्हे. अनीतीचा मार्ग तिसरा आहे. जुना आस अभिमानाने तसाच ठेवायचा, वर नवे इंजिन चढवायचे आणि मोडेल तेव्हा पाहू, असे म्हणत हिरव्या दिव्याची वाट पाहायची. यात भूतकाळाविषयी आदर नसतो. स्वतःच्या हौसेची किंमत दुसऱ्याच्या जिवावर टाकलेली असते.

आणखी एक चौथा मार्ग आहे, तोही तितकाच वर्ज्य. आस बदलायचा आणि जुना शिक्का नव्या नळीवर उठवून ‘अस्सल’ म्हणून विकायचे. बदल करण्यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे. जो मालक जुना आस जपून ठेवतो, कोणता भाग केव्हा आणि का बदलला याची वही लिहितो आणि विकताना ती वही ग्राहकाच्या हाती देतो, त्याने थीसियसच्या कोड्याचे जमेल तेवढे उत्तर दिले आहे असे मी समजतो. वस्तू तीच राहिली की नाही, हे पुढच्या पिढीने ठरवावे. ते ठरवण्यासाठी लागणारे सत्य तिच्यापर्यंत पोहोचवणे, एवढेच आपल्या हाती असते.

वाचकहो, एवढा वेळ मी मोटारीविषयीच बोललो असलो, तरी हा प्रश्न मोटारीपुरता नाही हे आपल्या ध्यानात आलेच असेल. इंजिन सर्वांना दिसते. झाकण उघडून लोक त्याचे कौतुक करतात, त्याची अश्वशक्ती विचारतात. आस गाडीखाली, तेलामातीत असतो आणि मोडेपर्यंत त्याची कोणी चौकशी करत नाही. आपली घरे, शाळा, संस्था यांतही असेच घडते. आकांक्षा वाढतात, कामे वाढतात, इमारतीवर मजले चढतात. पण हा सारा पीळ शेवटी कोणाच्या खांद्यावर उतरतो? एखाद्या घरात तो आजारी सासऱ्यांचे करून पहाटेची गाडी गाठणाऱ्या सुनेवर उतरतो. एखाद्या संस्थेत तीस वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या वृद्ध कारकुनावर उतरतो. पूर्वी काही चुकले, काही राहून गेले तरी चालत असे. जुन्या टायरांच्या घसरण्यासारखी ती सवलत होती. आता सारे वेळेवर आणि पुरतेपणी हवे असते आणि घसरायला जागाच उरलेली नाही. आपण त्यांच्या निष्ठेचे गोडवे गातो, ‘अशी माणसे आता मिळत नाहीत’ असे म्हणतो. हे म्हणजे जुन्या आसावरील शिक्क्याचे कौतुक करण्यासारखेच आहे.

अशा मनुष्याला आपण दोनच गोष्टी प्रामाणिकपणे देऊ शकतो. एक तर त्याला बळ द्यावे, म्हणजे सोबतीला माणूस, पुरेसा पैसा आणि विश्रांतीचा दिवस. ते शक्य नसेल तर त्याच्यावरचे ओझे कमी करावे, मग त्यासाठी आपल्या पाव मैलातील तीनशे फूट सोडून द्यावे लागले तरी हरकत नाही. बळही द्यायचे नाही आणि भारही उतरवायचा नाही, केवळ स्तुती करायची, हा या बाबतीतला तिसरा मार्ग होय. पोलादाचे एक बरे असते. फार पीळ सोसलेल्या दांड्याचे दाते वाकडे होतात आणि जाणता कारागीर ते पाहून तो मोडण्याआधीच बाजूला काढतो. माणसाच्या बाबतीत ती खूण पाहण्यासाठी कोणाला तरी वाकून गाडीखाली जावे लागते आणि अंगाला तेलमाती लागू द्यावी लागते.